घाटावरचे पाय

दसरा झाला की आमच्या गल्लीत विळे पाजवल्याचा आवाज सुरू होतो. ओट्याच्या कडेला दगड, दगडावर शिंपडलेलं पाणी आणि त्यावर घासत जाणारं पातं. आमची गल्ली म्हणायची आपली एक सवय. मी इथला नाही. माझं गाव वाशिम जिल्ह्यात, कपाशीच्या मुलखात. पण शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत वळलेल्या या गावात भाड्यानं राहून इतकी वर्षं झाली, की तोंडातून 'आमची' असंच येतं. आलं की मागाहून धाकधूक होते. कुणी ऐकलं तर म्हणेल, हा कधीपासून इथला झाला?

यंदाही आवाज सुरू झालाय. भाताच्या लोंब्या झुकल्यात, खाचरातलं पाणी आटलंय, बांधावरून चालताना सुकत्या पेंढ्याचा आणि ओल्या मातीचा मिसळून वास येतो. आणि दुपार कलली की माहुलीच्या डोंगरामागे ढग गोळा होतात. सगळं गाव तेव्हा आभाळाकडे बघतं. मी बाळूदादाकडे बघतो. बाळूदादा माझा घरमालक. त्याच्या पडवीला भिंत घालून काढलेल्या खोलीत मी राहतो. ढगांकडे बघताना त्याच्या तोंडावर काय येतं ते मला वाचायचं असतं, आणि वाचता आलंच तर त्याचं काय करायचं हे ठाऊक नसतं.

एका वर्षी, याच दिवसांत, त्याचं कापलेलं भात शेतात पडलेलं असताना भिजलं. तो तेव्हा शेतात नव्हता. मुंबईच्या इस्पितळात माझ्या उशाशी बसला होता. त्यावर तो परवापर्यंत एक अक्षर बोललेला नव्हता. त्याची बायको, जिला मी वयनी म्हणतो, तीही नाही. न बोललेलं कुठं जातं? कणगीत तर जात नाही. मनातच कुठंतरी राहत असेल ना?

नववीतून माझी शाळा सुटली. सुटली म्हणायचं, सोडली असं कुणी ठरवून म्हटलं नव्हतं. वेचणीच्या दिवसांत घरी राहिलो, ते राहूनच गेलो. पुढं मामाच्या मुलाबरोबर आसनगावच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागलो. त्याला वर्षभरात दुसरीकडे काम मिळालं, तो गेला, मी राहिलो. एकटा राहिल्यावर मला सगळ्याचीच भीती वाटायची. सुपरवायझर हसला तरी का हसला म्हणून भीती वाटायची. नळावर पाणी भरताना कोण आधी, कोण मागून, हे कळायचं नाही, म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी भरायचो. बाळूदादा एकदा म्हणाला होता, तुझ्यासारखा भाडेकरू मिळायला नशीब लागतं, घरात मांजर असलं तरी त्याचा आवाज होतो.

भात भिजलं त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी वयनीनं मला शेतात बोलावलं. मजुरीला नव्हे. इथं कापणी एकमेकांकडे जाऊन उरकतात, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, त्याला सावड म्हणतात. सावडीत एक माणूस कमी पडत होता. कुणीतरी आपल्याला माणसात मोजलं, या आनंदात मी चप्पलसुद्धा न घालता निघालो.

आमच्याकडे कपाशी उभ्यानं वेचतात. तूर कमरेतून वाकून कापतात. इथं माणसं खाचरात उकिडवी बसली आणि बसल्या बसल्याच पुढं सरकत कापत गेली. डाव्या हातात भाताची मूठ, उजव्या हातात विळा, मूठ मागं टाकायची आणि बेडकासारखं थोडं पुढं. मध्येच गप्पा, मध्येच तंबाखू, पण उठणं नाही. मी बसलो. थोडा वेळ सरकलो. मग पेंढ्या उचलायला उठावं म्हटलं तर उठताच येईना. मांड्यांत जीवच नव्हता. पुन्हा जोर केला आणि मागच्या मागं चिखलात बसलो. शेवटी दोन्ही हात जमिनीला टेकले, कंबर वर काढली, मग हात गुडघ्यांवर ठेवून स्वतःच्या अंगावर चढत चढत उभा राहिलो.

खाचरभर हसू पसरलं. वयनी सगळ्यात जास्त हसली. म्हणाली, "घाटावरचे पाय हायेत गो त्ये. कोकणात मोडायला टाइम लागनार."

मीही हसलो. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. घाटाखाली आल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझी चेष्टा केली होती. चेष्टा आपल्या माणसाची करतात. परक्याला हसतात ते त्याच्या पाठीमागं. त्या दिवसापासून मी उठायला लागलो की खाचरातून कुणी ना कुणी ओरडायचं, घाट चढतोय रे, वाट द्या. आणि मी मुद्दाम जास्त कण्हून उभा राहायचो.

त्या हसण्यात एक आजार वाढत होता. आज मागं बघितलं की खुणा रांगेत उभ्या राहतात, बांधावर बगळे बसावेत तशा. आंघोळीनंतर भांग पाडताना हात डोक्यापर्यंत जायचा आणि तिथून गळून पडायचा. मग मान खाली घालून कंगव्याकडे डोकं न्यायला शिकलो. गोदामात वरच्या फळीवरचा खोका काढायला मी दुसऱ्याला सांगायचो. पापण्यांवर जांभळट रंग चढला होता, कोवळ्या वांग्यासारखा. बोटांच्या पेरांवर लाल, खरखरीत चट्टे आले होते. ते वयनीला दाखवले तर तिनं माझा हात उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, भाताची कूस लागली. भाताच्या लोंबीवर जे बारीक काटे असतात, त्यांनी नव्या माणसाच्या अंगाला खाज सुटते. आमच्या कातडीला सवय हाय, ती म्हणाली, तुझी कापसाची कातडी. तिनं खोबरेल कोमट करून दिलं. पापण्या उन्हानं रापल्यात असं बाळूदादानं सांगितलं. दसरा-दिवाळीमधलं ऊन जहरी असतं हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर प्रेमानं दिलेलं होतं. आजारी पडायला मला तिथं जागाच उरली नव्हती. नववीतून शाळा सुटलेला पोरगा, परमुलखात, घरमालकाच्या शेतात. आपल्याला काही झालंय असं म्हणण्यापेक्षा आपण घाटावरचे आहोत असं म्हणणं कितीतरी सोपं होतं. वयनी मला संध्याकाळी ओट्यापुढं उकिडवं बसून उठायचा सराव करायला लावायची. स्वतः भाकऱ्या थापता थापता दारातून बघायची. तांदळाच्या भाकरीचा पांढरा हात वर करून म्हणायची, हात नको टेकू, हात नको टेकू. हात टेकून उठणाऱ्याला म्हातारपण लवकर येतं, असं तिच्या माहेरी सांगतात.

हात टेकले म्हणजे हरलो, असं आपण बोलतानाही म्हणतो. मी रोज टेकत होतो, आणि अजून जिंकायचंय असं समजून रोज सराव करत होतो. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसांत स्नायूंना विसावा पाहिजे होता.

हे नुसते घाटावरचे पाय नाहीत हे कळलं, ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. बाळूदादाचं शेवटचं मोठं खाचर कापून झालं होतं. कापलेलं भात पसरून ठेवलं होतं. दोन उन्हं खाल्ली की भारे बांधून खळ्यावर न्यायचं आणि झोडायचं. बायका घरी निघाल्या. मी बसलेलाच होतो. हात टेकूनही उठता येईना. मी हसत होतो, बाळूदादा हसत आला आणि त्यानं हात पुढं केला. मी धरला. त्यानं ओढलं आणि मी होतो तिथंच राहिलो. मग त्याचं हसू थांबलं. पुन्हा ओढलं. भाताचा भारा डोक्यावर घेणारा माणूस. किती वजन मेलेलं आणि किती जिवंत, हे त्याच्या हाताला कळलं असावं.

"गजा, तू जोर लावत नायस काय?"

"लावतोय, दादा."

 तो खाली बसला, माझे हात आपल्या गळ्यात घेतले आणि मला पाठीवर घेऊन बांधावरून घरी आला. वाटेत मी सारखा म्हणत होतो, माफ करा, माफ करा. त्या रात्री जेवताना पाणी प्यालो तर ते नाकातून बाहेर आलं. वयनीच्या हातातली पळी तशीच राहिली.

शहापूरच्या डॉक्टरांनी बघताच मुंबईला न्यायला सांगितलं. बाळूदादानं शेजाऱ्याची गाडी काढली, आणि मग तो तिथंच राहिला. माझ्या माणसांना वाशिमहून निघून पोचायलाच वेळ लागला. कपाशी फुटलेली, वडलांनी घर कुणावर टाकायचं? तोवर बाळूदादाच माझा बाप, भाऊ, सगळं. रक्त काढलं, सुया टोचून वीज सोडली, मांडीतला मांसाचा तुकडा तपासायला काढला. आजाराचं नाव मी पाठ केलंय, डर्मॅटोमायोसायटिस. फार थोड्या लोकांना होतो म्हणतात. गावात कुणी विचारलं तर मी नुसतं 'मांसाचा आजार' सांगतो.

तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समजावलं. रोगाशी लढायला शरीरात जे असतं ते माझ्याच स्नायूंना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडलं आहे. बाहेरून काही आलेलं नाही, कुणाला लागणार नाही. बाळूदादा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे कुंपनानंच शेत खाल्लं." बाई म्हणाल्या, अगदी तसंच. आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, थोडं आधी यायला हवं होतं. जे स्नायू गेले ते सगळे परत येतीलच असं नाही.

मला तेव्हा वाईट वाटलं ते माझं नाही. बाळूदादानं मान खाली घातली त्याचं. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

त्यानंतर पाऊस आला. पावसाळा आवरल्यावर, दिवाळीच्या तोंडावर येतो तो, कुणी न बोलावलेला. इस्पितळाच्या खिडकीबाहेर पत्र्याची शेड होती, तिच्यावर तो वाजायला लागला. पहिल्यांदा मी खूश झालो, उकाडा होता. मग आठवलं. मी बाळूदादाला विचारलं, भाताचं काय? तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. म्हणाला, वयनीनं उचललंय, सावडीतल्या लोकांनी हात दिला. आणि मोसंब सोलायला घेतलं.

मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला. सावडीतल्या प्रत्येकाचं आपापलं भात आपापल्या खाचरात भिजत असणार, एवढा हिशेब तर कपाशीच्या मुलखातल्या पोरालाही करता आला असता.

खरं मला तांदळानं सांगितलं. मला घरी आणल्यावर वयनीनं मला त्यांच्यातच जेवायला घेतलं. माझ्या गोळ्यांनी भूक वणव्यासारखी पेटायची. तोंड सुजून चंद्रासारखं झालं होतं आणि पोट सारखं मागत होतं. पहिल्याच दिवशी ताटातल्या भाताला कुबट वास आला. शीत काळसर, आणि शिजून चिकट. मी वर बघितलं. बाळूदादा खाली बघून जेवत होता. वयनी म्हणाली, घे अजून. दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत खळ्यापर्यंत गेलो. तिथं भात वाळत घातलं होतं. जवळ जाऊन बघितलं, तर दाण्यादाण्यातून पांढरा कोंब बाहेर आला होता. खाचरातच उगवून आलं होतं ते. पुन्हा पुन्हा वाळवून ते दोघं त्याला भात म्हणत होते.

वर्षभर तोच तांदूळ शिजला. दुसरं काही नव्हतं. त्यांनी खाल्ला, आणि सगळ्यात जास्त मी खाल्ला. त्या गोळ्यांच्या भुकेला लाज नव्हती. दुसऱ्यांदा वाढ म्हणताना माझे डोळे भरून यायचे आणि हात तरीही ताट पुढं करायचा. त्याची सल अजून जात नाही.

आई इथं आली तेव्हा तिला तांदळाचं काही सांगितलं नाही. तिला वास मात्र लागला असावा. निघताना ती वयनीचे हात धरून उभी राहिली. मला म्हणाली, "बापू, या मानसाइले कधी इसरू नोको." विसरणार कसं? आठवत राहणं हेच तर माझं झालं होतं. मला गावाकडे नेता येत नव्हतं. आमच्या गावापासून हा आजार कळणारा डॉक्टर शोधायला दिवस गेला असता. मुंबईच्या तपासण्या, गोळ्या, म्हणून इथंच राहायचं ठरलं. याच दोघांच्या भरवशावर. गोदामात लेबलं चिकटवायचं बसून काम दिलं, त्या सुपरवायझरचेही उपकार. उपकार एवढे झाले की चालताना त्यांचंच ओझं जास्त लागायचं.

आणि घरात चेष्टा बंद झाली. कुणी ठरवलं नाही, नुसती बंद झाली. वयनी माझ्याशी हळू बोलायला लागली, देवळात बोलतात तशी. मी उठायला लागलो की सगळ्यांचं बोलणं थांबायचं आणि चार हात पुढं यायचे. बाळूदादानं एक दिवस संडासाच्या भिंतीत लोखंडी नळी बसवून दिली, धरून उठायला. ती मी रोज धरतो. ती बसवताना मी बाहेर ओट्यावर होतो, आणि आतून येणारा छिन्नीचा आवाज ऐकताना मला वाटत होतं, एकदा तरी हे लोक माझ्यावर खेकसतील का? एकदा म्हणतील का, गजा, तुझ्यापायी आमचं भात गेलं? पाहुण्याला असं कुणी म्हणत नाही. मी पाहुणा झालो होतो. पुढच्या कापणीला त्यांनी मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

मी बराच सावरलोय. पापण्यांचा रंग गेला, पाणी घशातून नीट उतरतं. चालतो, जिने कठडा धरून चढतो. उकिडवं बसणं मात्र या जन्मीचं सुटलं. लोक म्हणतात, एवढ्यावर निभावलं म्हणून देवाचे आभार मान. मानतो. पण हंगाम आला की मन त्या उन्हात जातंच. त्या दिवसांत एकदा जरी कुणाला म्हटलं असतं, की हे पाय घाटाचे नाहीत, हे काहीतरी वेगळं आहे, तर मांड्या थोड्या जास्त राहिल्या असत्या, आणि कणगीत चांगला तांदूळही राहिला असता.

परवा दुपारी ढग फार लवकर आले. मला सुट्टी होती. बाळूदादा आणि वयनी दोघंच त्याच मोठ्या खाचरात होते, सावडीतला कुणीच मोकळा नव्हता. ऊन मला चालत नाही, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घातला, छत्री घेतली आणि बोलावलं नसताना गेलो. वयनीनं बघितलं आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, कशाला आलास, घरी बसायचं. मी पुढं न जाता बांधावर टेकलो. बांध उंच आहे, तिथून उठता येतं.  मग मी ज्या गोष्टीची इतकी वर्षं तयारी करत होतो ती तयारीशिवायच तोंडातून निघाली. "दादा, त्या वरशी भात माझ्यामुळं भिजलं."

बाळूदादानं मान वर केली नाही. मूठ कापली, मागं टाकली. म्हणाला, "नाय रे. त्या वरशी बीच हलकं निघालं व्हतं."

वयनी थांबली. तिनं विळा मांडीवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"काय खोटं सांगता त्याला? भिजलंच त्ये. मी एकटी किती उचलनार? ह्या इथं बसून रडले मी. तुला शिव्या पन घातल्या, गजा. पोटभर घातल्या. आन मंग स्वतःला घातल्या, हात नको टेकू, हात नको टेकू करत व्हते ना मी."

बाळूदादा कापायचा थांबला. तिघंही कुणी कुणाकडे बघत नव्हतो. माहुलीमागून वारा आला, उभं राहिलेलं भात एका बाजूला कललं आणि पुन्हा सरळ झालं.  माझ्यासाठी कुणीतरी इथं, या जागेवर, पोटभर शिव्या घालत रडलं होतं, आणि मी खिडकीतला पाऊस ऐकत मोसंबीच्या फोडी खाल्ल्या होत्या.

वयनीनं विळा उचलला. "बसलास काय नुसता? ढग बघ. कळशी हाय बघ त्या कडेला, पानी दे आमाला."

मी छत्री मिटून बाजूला ठेवली. उठायला लागलो. एक हात बांधावर, दुसरा गुडघ्यावर. वेळ लागला. दोघांचे विळे चालूच राहिले, कुणी वळलं नाही, कुणी हात पुढं केला नाही. कळशी उचलणं माझ्यानं होणार नव्हतं. ती तिरकी करून लोट्यात पाणी घेतलं, थोडं सांडलं, आणि धसकटांतून पाय जपत त्यांच्यापर्यंत नेलं. बाळूदादा प्याला. वयनीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"किती तापलंय. उन्हात ठेवतं काय कोन पानी? जरा सावलीला सरकवायला नाय येत तुला?"

मी परत गेलो आणि कळशी ढकलत ढकलत आंब्याखाली नेली.